प्रतिशब्द

पेपरच्या ऑफिसातला पोरगा कागद ठेवून गेला:
"खोब्रागडे सर, पाचपर्यंत. दोनशे शब्द."
मॉस्कोचं निवेदन. तीन सप्टेंबर,
जपानवरच्या विजयाचा दिवस,
आणि खाली इशारा, की टोकियो पुन्हा शस्त्रं परजतंय,
लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं, फुगलेलं बजेट,
इतिहासाचा धडा विसरलेत, वगैरे.

पहिल्याच ओळीत अडलो.
रझग्रोम.
ह्या शब्दाच्या पोटात ग्रोम आहे, म्हणजे गडगडाट.
पराभव लिहिलं, खोडलं.
पराभव फार सभ्य, क्रिकेटच्या बातमीत शोभतो.
पाडाव? बीमोड?
धुव्वा जवळ येतो,
पण त्यातून नुसता धूर निघतो, आवाज नाही.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला गेन्नादी स्तेपानोविचकडून,
अंबाझरीच्या कारखान्यात,
जिथे तोफगोळ्यांच्या पेट्यांवरची अक्षरं
तो वाचायचा आणि मी मराठीत सांगायचो.
एकोणिसाव्या वर्षी खिंगन डोंगर ओलांडला त्यानं.
दोरखंडानं रणगाडा उतारावरून सोडताना
डाव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली.
"बॉम्ब, बॉम्ब करता तुम्ही सगळे.
दोन शहरं जळाली, त्यांचे सेनापती बसूनच होते.
आम्ही आलो, तेव्हा उठले."
उरलेल्या तीन बोटांनी टेबलावर टकटक,
मग आवाज खाली आणून:
"चाळीस वर्षांची उधारी होती. आजोबांच्या वेळची."

उधारी हा शब्द त्याचा नाही.
तो माझा, तेव्हाच केलेला अनुवाद.

इंदोऱ्याच्या विहारात दर ऑक्टोबरला कावाहारा येतात.
त्यांचे वडील सायबेरियात चार हिवाळे लाकडं तोडत होते,
युद्ध संपल्यावर.
संपल्यावर, असं ते दोनदा म्हणाले.
पराभव म्हणत नाहीत. युद्धसमाप्ती.
जशी शिफ्ट संपते, भोंगा होतो, माणसं सायकली काढतात.
मी विचारलं, मग आता हे नवं सैन्य?
त्यांनी चहाचा कप बशीत फिरवला,
"शेजारी," म्हणाले,
आणि वाक्य पुरं केलं नाही.

काल पोळा झाला. बाहेर ढोल.
काळी आणि पिवळी आज शहीद चौकात भेटणार.
सेहेचाळीस वर्षांमागेही तीन सप्टेंबरलाच मारबत होती.
गेन्नादी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर,
छातीवर आपलं पदक लावून.
"ही कोण?"
"रोगराई, इडा-पिडा. गावाबाहेर नेऊन जाळतात."
"जळते?"
"दरवर्षी."
तो बराच वेळ त्या पिवळ्या थोराड बाईकडे पाहत राहिला.
"मग दरवर्षी परत काहून येते बे?"
काहून आणि बे त्याला कारखान्यानंच शिकवले होते.

आता शेवटचा परिच्छेद.
पेरेवूरुझेनिए. पुनःशस्त्रीकरण,
टोकियोबद्दल, कपाळाला आठ्या घालून.
हात थांबला.
हाच शब्द अंबाझरीच्या फायलींतही यायचा,
नवी यंत्रं, नवे साचे, जास्त पल्ल्याचे गोळे,
आणि मी तिथे बिनदिक्कत लिहायचो: आधुनिकीकरण.
त्यावर मला एक बढती मिळाली. पेन्शन त्याचीच.

पाचला फोन.
"झालं का सर?"
"एक शब्द राहिलाय."
"काहीही टाका ना सर. पराभव टाका."

टाकला.
खाली गल्लीतली पोरं ओरडत गेली,
घेऊन जा गे मारबत,
आणि पुढचं ढोलात बुडालं.