रिकामा

त्या दिवशी बॅरनचा कारकून खिडकीपाशी बसला
आणि बाहेर जे दिसेल ते वाटत गेला.
भूर्ज दिसला : तुम्ही कास्क.
तळ्याकाठची आल्डरची झुडपं : तुम्ही लेपिक.
लोहाराच्या हातात होता तो हातोडाच
त्याच्या घराण्याला चिकटला.
वाहेरू गावची एकशे चाळीस माणसं,
टोप्या काढून, चिखलाच्या पायांनी.
गुलामी कागदावर नुकतीच संपली होती,
जमीन मात्र हवेलीचीच.

शेवटी उभा माझा खापरपणजा, मॅर्ट.
कारकुनानं बाहेर पाहिलं, तर अंधार.
लिहिलं : त्युही.
म्हणजे रिकामा.

आमच्या पाठीवरून बटाटे भट्टीत जात,
पिपांतून दारू निघे, पीटर्सबुर्गला जाई.
पहाटे चारला घंटा.
तबेल्यामागे एक लांब बाक होता,
घोड्यांसाठी नव्हता.

पाच सालच्या डिसेंबरात शहराकडून माणसं आली,
मशाली घेऊन. डावी बाजू जळाली.
त्या रात्री पणजी मीना
पियानोची एक पांढरी पट्टी उचलून घरी आली.
का, ते तिलाही सांगता आलं नाही कधी.
हलणाऱ्या दाराखाली पाचर म्हणून ठोकली.
जानेवारीत सैनिक आले.
बाक पुन्हा बाहेर निघाला.

मग देश झाला. जमीन वाटली :
आम्हाला चौदा हेक्टर, त्यातले चार नुसते धोंडे.
धोंडे वेचून होतात न होतात
तोच सगळं पुन्हा सगळ्यांचं झालं,
म्हणजे कुणाचंच नाही.
दिवाणखान्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग,
नंतर शाळा. तिथं मी एकोणीस वर्षं सूप वाढलं.
सहा मुलं उरली, तेव्हा कुलूप लागलं.
किल्ली माझ्याकडे आहे.

गेल्या जूनमध्ये ल्युबेकहून एक बाई आली,
बॅरनची पणती. पायांत साधे कापडी बूट.
हातातल्या फोटोशी भिंती जुळवत फिरली.
धुराड्यावर करकोचे होते, त्यांचाही फोटो काढला.
मग अडखळत, आमच्याच भाषेत :
"पियानो कुठं असायचा?"
मी जागा दाखवली.
तिनं जमिनीला हात लावला, बराच वेळ.
निघताना नाव विचारलं. सांगितलं.
तिला अर्थ कळत होता.
मान खाली घालून वहीत लिहिलं तिनं,
सुवाच्य, एकेक अक्षर.

पट्टीबद्दल मी बोलले नाही.
आमचं दार जुनं आहे,
वारा आला की हलतं.