मागची तारीख

अवतांदिल मामाला रुस्तावीच्या बाजारात सगळे अवतो म्हणतात.
आमच्याकडे मोटारीलाही तेच म्हणतात.
नावातच धंदा घेऊन जन्मलेला माणूस
पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला,
आणि सांगायचा,
व्हॉल्व्ह खोकतोय की बेअरिंग कण्हतंय.

मग गाड्या मुक्या झाल्या.
आता बोलतात फक्त स्टिअरिंगखालच्या
सोळा पिनांच्या तोंडाने,
आणि ती भाषा कंपनी देते
वर्षाच्या भाड्याने.
मामाने भाडं विचारलं.
आम्ही राहतो त्या घराला तेवढं पडत नाही.

म्हणून ही पेटी आली,
बतुमीच्या बंदरातून, बुटांच्या खोक्यात,
दहाव्या हिश्श्याच्या दामात.
वर कंपनीचं नाव, त्यातलं एक अक्षर किंचित तिरकं.
सोबत जुना लॅपटॉप आणि तीन ओळींची चिठ्ठी:
इंटरनेटला जोडू नका.
तारीख बदलू नका.
अपडेट करू नका.
प्रश्न विचारू नका असं काही लिहिलं नव्हतं,
ते मामाने आपणहून पाळलं.

लॅपटॉपमध्ये कायम बारा मार्च, दोन हजार सोळा.
बाहेर बर्फ पडो की जर्दाळू पिको,
तो रोज त्याच सकाळी उठायचा.
मामी म्हणायची,
या गॅरेजात एवढा एकच जण म्हातारा होत नाही.

तीन हिवाळे निघाले.
चौथ्यात लामारा आली, गार्दाबानीची सुईण,
चढावर दम टाकणारी डिझेल गाडी घेऊन.
कुणाची वेळ कधी भरेल सांगता येत नाही,
म्हणाली, उद्यापर्यंत दे.

मामा भट्टीवर पाव आणायला गेला होता.
इंजिनाच्या मेंदूत नवा प्रोग्रॅम उतरत होता,
आणि मी मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडलं होतं
कुताईसीची मॅच ऐकायला.
एक चौकट उघडली. अक्षरं ओळखीची नव्हती. दोन बटणं.
मी ‘हो’सारखं दिसणारं दाबलं.

हे उपकरण ओळखता येत नाही.
एकसष्ट टक्के.

पंखा थोडा वेळ फिरला, सवयीने.
मग किल्ली फिरवली तर काटेसुद्धा हलेनात.

मामा आला. पाव बॉनेटवर ठेवला, वाफाळता.
मला बोलला नाही.
पेचकस काढला, इंजिनाला टेकवला,
मूठ कानाला लावून
बराच वेळ उभा राहिला.
मॅच अजून चालू होती.
मी ती बंदही केली नव्हती.

तिबिलिसीत कंपनीच्या माणसाने पेटी न बघताच ओळखली.
नवा मेंदू लागेल, म्हणाला, आणि आकडा सांगितला.
दीड वर्षाचं भाडं, अस्सल पेटीचं.
मामाने गाड्या उचलायची लिफ्ट विकली.
मेंदू येईपर्यंत एकोणीस रात्री
लामाराला स्वतःच्या निवातून गावोगाव नेलं.
लोकांच्या दारात, काचा धुरकटलेल्या,
स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला.
मार्तकोपीला एक मुलगी झाली,
तेव्हा त्यांनी त्याला ओंजळभर अक्रोड दिले.
ते अजून डॅशबोर्डवर घरंगळतात.

त्या दिवसांत मी पेटी उघडली.
सगळ्यात मोठ्या चिपवरचा नंबर
कुणीतरी घासून घालवला होता.
किती वेळ लागला असेल त्याला,
कुठल्या दिव्याखाली बसून,
कुणाच्या मामाकडे.

परवा मार्नेउलीचा एल्नूर आला. पोरगाच,
नवं गॅरेज टाकतोय.
जमिनीतल्या लिफ्टच्या चार भोकांकडे बघितलं,
मग फळीवरच्या लॅपटॉपकडे.
ती पेटी विकणार का? स्वस्तात?
मामा हात पुसत राहिला.
फडकं हातापेक्षा काळं होतं.
मला वाटलं, आता आकडा सांगेल.
आम्हाला पैसे हवेच होते.

चालते ना? एल्नूरने विचारलं.

तारीख, मामा म्हणाला,
आता अगदी बरोबर दाखवते.