माती वजा

लिंकनहून नेमणुकीचं पत्र आलं
तेव्हा आडनावात एक अक्षर चुकलं होतं.
बाबांनी दुरुस्तीला पाठवलं नाही.
व्होल्गाकाठी आम्ही जर्मन होतो,
प्लॅटकाठी उतरलो तर रशियन झालो,
"आता निदान सरकारी तरी झालो," म्हणाले,
आणि पितळी बिल्ला कोटाच्या आतल्या बाजूला लावला.

राज्याचे वजनमाप निरीक्षक.
ट्रकमध्ये पन्नास-पन्नास पौंडांची वजनं,
शिशाचे शिक्के, पक्कड,
आईनं बांधून दिलेले कोबी भरलेले पाव.
कसायांचे तराजू झाले, कोळशाच्या वखारी झाल्या.
साखर कारखान्याचा काटा मात्र
ते दोन हंगाम पुढे ढकलत राहिले.

कारण आजोबा.
गुडघ्यांना गोणपाट बांधून
बीटाच्या ओळींतून रांगत गेलेले कोनराड क्राउसहार.
त्यांच्या आयुष्यात चोर एकच.
जमीन का झाली नाही? काटा.
लीडियासाठी डॉक्टर का उशिरा आला? काटा.
पोरांची शाळा दर वर्षी नोव्हेंबरात का सुरू व्हायची?
काटा मारतात रे. काटा.

त्या ऑक्टोबरात मी सोबत होते, तेरा वर्षांची,
आकडे लिहायला.
बाबांनी वजनं चढवली, चारही कोपऱ्यांवर,
मग मधोमध, मग पुन्हा पहिल्यापासून.
बरोबर.
पुन्हा बरोबर.
मॅनेजर म्हणाला, कॉफी घ्या.

बाबा शिक्का न मारता फळीवर बसून राहिले.
समोर एक गाडी लागली. पोऱ्यानं
बादलीभर बीट आत नेले, धुतले, खरवडले, तोलले,
आणि खिडकीतल्या माणसानं पेन्सिलीनं लिहिलं:
माती वजा, शेकडा अकरा.
पुढच्या गाडीची बादली अजून बाहेरच होती.
त्यानं लिहिलं: अकरा.

बाबांनी कायद्याचं पुस्तक काढलं.
त्यात काटा होता, दांडी होती, पारडं होतं.
माती नव्हती.
शिक्का मारला. मारावाच लागला.

रात्री आजोबांनी विचारलं नाही, नुसतं वर पाहिलं.
"काटा खरा आहे, पापा."
ते सूर्यफुलाच्या बिया फोडत राहिले,
टरफलं मुठीत साठवत.
मग म्हणाले,
"मग तीस वर्षांची माझी माती
ठेवलीय कुठं त्यांनी?"

बाबांनी लिंकनला पत्र लिहायला घेतलं.
खाली सही केली ती चुकलेल्याच नावानं;
सरकार त्यालाच ओळखत होतं.