पाच फुटांच्या वर

मगदूम बाई फोनवर म्हणाल्या,
माझ्यासाठी काही आवरू नका हं,
घर आहे तसंच बघायचंय मला.
उद्या साडेदहाला येते, मिरजेहून.
गावभागात गाडी कुठं लावायची तेवढं कळवा.

मी हो म्हटलं, फोन ठेवला
आणि केरसुणी हातात घेतली.
माळ्यावरची जुनी गादी नव्या चादरीत गुंडाळली,
कान गेलेले सात कप
कपाटावरच्या बॅगेत दडवले.
हे पेपराआडून म्हणाले,
डॉक्टरकडं जायच्या आधी बरी होऊन जाणारी बाई तू.

बाईंनी एक कागद पाठवलाय, भरून ठेवायला.
रोज काय सापडत नाही?
लिहिलं : चष्मा, लाइटबिल, यांचा मफलर.
काय काढून टाकायला जड जाईल?
जागा सोडली.
आणि प्रत्येक खोलीचे दोन फोटो,
दारात उभं राहून.

सत्तावीस वर्षं या दारातून आत-बाहेर करते,
दारात अशी उभी कधी राहिले नव्हते.
फोटोत बघितलं तर
खोलीचा वरचा अर्धा भाग गच्च
आणि खालचा रिकामा.
कपाटाचे खालचे तीन कप्पे,
त्यांत नुसता अंथरलेला कागद.
फ्रिज लोखंडी घोडीवर,
मिक्सर फ्रिजच्या डोक्यावर,
तांदूळ त्याच्याही वर,
आणि लग्नाचा अल्बम
पंख्याचा वारा खात छताशी.

एकोणीसच्या ऑगस्टात आयर्विनला सत्तावन्न फूट होतं.
आमच्या स्वयंपाकघरात पाच.
त्याआधी दोन रात्री आम्ही सामान चढवत होतो,
आम्ही दोघं आणि शेजारच्या आवटींचा पोरगा,
हाताला लागेल ते वर,
अजून वर.
आठवड्यानं पाणी उतरलं.
चिखल ओढला, भिंती धुतल्या, रंग दिला, दोनदा दिला.
सामान काय, सवडीनं उतरवू म्हटलं.

सवड झाली नाही असं नाही.
पण जुलै लागला की हे मोबाइलवर बघतात, आयर्विनला किती.
बत्तीस म्हणाले
की माझा हात आपोआप
चहाचा डबा एक फळी वर सरकवतो.

मे महिन्यात साखर काढताना स्टुलावरून पडले.
मनगटाला प्लास्टर, घरभर साखर,
मुंग्यांची दिवाळी.
पुण्याहून शर्वाणी आली, मान वर करून फिरली घरभर,
म्हणाली, आई, पाच फुटांच्या वर कोण संसार करतं गं?
आणि परस्पर या बाईंचे पैसे भरून गेली.

तर त्यांना काय सांगायचं, ते पाठ करतेय.
पसारा आहे हो बाई, नाही कशाला म्हणू,
पण आळसाचा नाही.
एकेक वस्तू विचार करून चढवलीय,
कुठली आधी भिजली तर चालेल, कुठली नाही.
गादीचा नंबर शेवटून दुसरा होता.
हे सांगावं की नको?
त्या तरुण आहेत. मिरजेच्या कुठल्या भागातल्या, कोण जाणे,
तिकडं पाणी आलं होतं का.

रात्री जेवणं झाल्यावर तांदळाचा डबा उतरवला.
एकच.
सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला, झाकण दाबून बघितलं.
हे बघत होते, बोलले नाहीत,
टॉर्च तेवढी उशाशी घेतली.

दोनला उठले.
अंधारातच डब्याखाली हात घातला.
कोरडं.
परत येऊन पडले, तर भिंतीकडं तोंड करूनच यांनी विचारलं,
किती आहे?
काही नाही, म्हटलं. झोपा.

आता साडेनऊ.
गाडी मारुती चौकात लावा म्हणून कळवलं.
पोहे भिजवलेत.
दुसऱ्या प्रश्नापुढची जागा तशीच आहे,
स्टूल लिहावंसं वाटतंय, पण हसतील.
एक गोष्ट मात्र फोनवर विचारायची राहिली,
बाईंची उंची किती.