शून्य केलेले आकडे

डिस्क क्रमांक चार
कण्हत नाही, खरडत नाही.
कण्हणारी परवडते,
तिच्याकडे निदान लक्ष जातं.

रात्री दोन चौदाला यंत्राने नोंदवहीत एक ओळ लिहिली:
चौथी. बेरीज जुळली नाही.
दोन पंधराला तीच ओळ पुन्हा.
मग सव्वातीनपर्यंत काही नाही,
फक्त वाऱ्याने कुणाचा तरी कचऱ्याचा डबा
धक्क्यापर्यंत लोळवत नेला.

तोर्शाव्हनच्या ह्या तळघरात
सहा डिस्क मिळून एक पूल आहे.
त्यावरून कुणी कुठे जात नाही.
तळं म्हणा हवं तर,
आणि तळाशी बेटांवरच्या म्हाताऱ्यांचे आवाज,
त्यातले बरेचसे खोकल्याने सुरू होणारे.

वाचता आलं नाही, असं डिस्क सांगते
तेव्हा ती प्रामाणिक असते.
लिहिता आलं नाही, हेही मी समजू शकते.
बेरीज न जुळणं निराळं.
तिथे विचारलेलं ती चटकन देते,
ठामपणे,
आणि ते चूक असतं.

चौथीच्या नावावर फक्त दोन चुका.
म्हणजे कालपर्यंत शून्य.
सात वर्षं अखंड फिरणाऱ्या डिस्कचं
इतकं धुतल्या तांदळासारखं असणं
मला खटकलं.

इतिहास उघडला.
पुलाला दिलेली प्रत्येक आज्ञा तिथे तारीखवार असते,
हाताने खोडता येत नाही.
शुक्रवार. आकडे साफ केले. हानुस.
शुक्रवार. आकडे साफ केले. हानुस.
तीन वर्षांचे शुक्रवार.
नाताळातला एक राहिला होता,
तो त्याने सोमवारी भरून काढला.

निवृत्त होताना हानुसने मला
किल्ल्या दिल्या, एक टवका उडालेला मग दिला,
आणि म्हणाला, रानवा, चौथी जरा हळवी आहे.
मी हसले होते.

नवी डिस्क बसवली.
उडालेल्या आरशाला पुन्हा पारा चढवावा
तसं हे काम, कण कण करत, अकरा तास.
मी खुर्चीतच झोपले.
जाग आली तेव्हा सगळं हिरवं होतं
आणि खाली एकाच फाइलचं नाव:
क्लेमिंट, सांडोय, मासेमारीच्या खुणा.
चौथीची जोडीदार पाचवी,
तीही नेमकी तिथेच अडखळली होती.

त्रेचाळीस मिनिटांतली नऊ सेकंदं गेली.
म्हातारा सांगतोय,
पूर्वेचा सुळका दिसेनासा झाला की होडी वळवायची,
मग...
मग एकदम त्याची बायको, कॉफी घेणार का.

हानुस धक्क्यावर कॉड साफ करत बसला होता.
मान वर न करता म्हणाला,
तीनदा पत्र पाठवलं मंत्रालयात.
चौथ्यांदा म्हटलं, आपणच डोळे मिटू.
बराच वेळ सुरी चालू राहिली.
समुद्रपक्षी आतड्यांवरून भांडत होते.

मी नऊ सेकंदांचं सांगितलं.
तेव्हा त्याने सुरी ठेवली,
हात पँटला पुसले,
आणि समुद्राकडे बघत म्हणाला:
मग कोल्टुरचं टोक चर्चच्या छपराला टेकू द्यायचं.
तिथे गळ सोडायचा.
चाळीस वाव. खाली वाळू.

चटकन. ठामपणे.

ताडून बघायला माझ्याकडे बेरीज नव्हती.
मी पेन्सिलने लिहून घेतलं,
शेजारी लिहिलं: हानुसच्या तोंडून, पडताळलेलं नाही,
आणि तो कागद क्लेमिंटच्या जुन्या टेपच्या
रिकाम्या खोक्यात ठेवला.

आज शुक्रवार.
पाचवीच्या नावावर एक चूक आहे.
असू दे तिथेच.
मी चौथं पत्र लिहायला घेतलंय.