शून्यही लिही

पहाटे साडेपाचला पानांवर ओल असते,
तेव्हाच मोजायचं.
ऊन चढलं की किडे झाडाच्या पोटात शिरतात
आणि आपण रिकामं शेत लिहून येतो.
डॉ. अहुआन्सूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं हे.
कोटोनूहून आल्या होत्या, दोन दिवस बसने,
गुडघ्यापर्यंत आमची लाल माती.
माझ्या हातात दिली एक शंभर पानी वही
आणि दोरीला बांधलेली पेन्सिल.

दर दहावं झाड.
पान उलटायचं हलक्या हाताने,
झोपलेल्या पोराची कूस बदलावी तसं.
मावा. तुडतुडे. बोंडअळीची अंडी, खसखशीएवढी.
आणि ढालकिडा,
असलाच तर.

बारा तासांवर विष मारायचं नाही, असं ठरलेलं.
आई ज्वारीची चुकुटू गाळते, बाजाराच्या आदल्या रात्री,
मडक्याच्या तळाशी उरतो तो साका
पाण्यात कालवून मी पऱ्हाटीवर शिंपडते.
वास शेजारच्या वाडीपर्यंत जातो.
बांधापलीकडून वोरूकाका ओरडतो,
पाठीवर पंप, तोंडाला काहीच नाही:
"काय गं बाके, किड्यांना दारू पाजतेस?"
"पाहुणे आहेत काका. आधी जेवण, मग काम."
तो हसतो. मग खोकतो.
खोकला हसण्याहून बराच लांब चालतो.

तिसऱ्या आठवड्यात अंडी एक्केचाळीस.
ढालकिडे,
मी वहीकडे बघत बसले.
आईचा इतका साका गेला होता त्या तासांवर.
मी लिहिला: एक.
बाईंनी पान वाचलं. "हा कुठल्या झाडावर?"
"होता. उडाला."
रागावल्या नाहीत त्या. पिशवीतून स्वतःची जुनी वही काढली,
पानामागून पान शून्यं,
काही शाईची, काही पावसात फुगलेली,
एकाशेजारी कंटाळून काढलेला बेडूक.
"शून्य लिहिलं," म्हणाल्या, "की नंतर वाचणाऱ्याला कळतं,
त्या सकाळी इथे कुणीतरी आलं होतं."
मी एक खोडला.
सतराव्या पानावर अजून दिसतो तो,
उजेडाकडे धरला तर.

मग फडक्यांचं झालं.
आईचं जुनं सुती वस्त्र, निळ्या माशांचं,
मी न विचारता अर्धं फाडलं,
दोन तुकडे, कडेला नायलॉनची शिवण:
एक काकाच्या रानात पुरलं, एक आमच्या,
वीतभर खोल, वर खुणेची काठी.
साठ दिवस आई माझ्याशी बोलली ती फक्त
मिठाबद्दल.

एकसष्टाव्या दिवशी काकाच्या रानातून निघालं ते फडकं
झटकलं, धुतलं,
मासे जवळजवळ सगळे जागच्या जागी.
कापूस जिथून आला त्याच मातीला
कापूस ओळखता आला नव्हता.
आमच्याकडे खणलं, तर हाताला लागली
चौकोनी शिवण, नुसती,
आत काही नसलेलं दार.
गांडूळ एक, चिडलेलं.

काका उकिडवा बसला दोन्ही खड्ड्यांच्या मधे.
बोलला नाही. काठीने थोडं उकरलं,
पुन्हा बुजवलं.

वेचणीला आमचा कापूस कमी भरला.
दोन टोपल्या. तेही लिहिलं.
काकाने बोटांवर औषधाच्या बाटल्या वजा केल्या,
एकदा, मग पुन्हा करंगळीपासून,
आणि शेवटी मला म्हणाला,
"आमच्यापेक्षा तुमचं रान सखल आहे, पाणी धरतं."
खरं होतं. बाईंनी तेही लिहायला लावलं.
"एक वर्ष म्हणजे एकच वर्ष," म्हणाल्या, आणि बस आली.

शिवण आईने घेतली.
दोन्ही हातांनी ओढून पाहिली, तुटली नाही.
"टाके माझे होते," म्हणाली.
आता तिने त्या दोऱ्याने चुकुटूच्या मडक्याचं तोंड बांधलंय
आणि साका माझ्यासाठी वेगळा ठेवते,
झाकून.

आज पहिला पाऊस होऊन चोवीस दिवस.
दहावं झाड, दोन पानं, ओल.
मावा सहा.
ढालकिडे शून्य.
एक बसलाय, पण तो वहीवर.