वाघबिळापाशी

रिकामी असली की पळते.
भरलेली असली तरी शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली,
कशाची तक्रार नाही.
वाघबिळाची चढण लागली, तिसऱ्यावरून दुसरा टाकला
की कुणी आतून हात काढून घ्यावा
तशी ढिली पडते.
पाय तळापर्यंत दाबलेला, आवाज वर येत नाही.
मागं अठ्ठावीस पोती सरकी पेंड,
त्याच्या मागं एस.टी., आणि तिचा हॉर्न.
कडेला घ्यायची. बंद करायची.
एक बार मळून होईस्तोवर थांबायचं.
मग चावी फिरवली की
जसं काही झालंच नव्हतं.

दोन वर्षं हे.
फिल्टर बदलला. पुन्हा फिल्टर.
फीड पंप. नोझल खोलून साफ.
एकजण म्हणाला टर्बो गेलाय.
माझ्या गाडीला टर्बो नाही.
उद्यमनगरात कुठल्याही गाळ्यासमोर ती
साहेब तपासणीला आल्यावर पोर बसतं तशी,
हाताची घडी, एका सुरात.
"काय न्हाई ओ हिला," म्हणायचे
आणि पैसे घ्यायचे.
शेवंता म्हणाली, इकून टाका.
घेणाऱ्याला काय सांगू?
"वाघबिळाला जाऊ नको म्हणावं."

शौकत शिकलगारानं बॉनेट उघडलंच नाही.
बशीतला चहा फुंकत विचारलं,
"टाकीत किती असतंय तवा?"
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
निम्म्याच्या खाली, म्हटलं. आठवून.
"आणि थांबल्यावर किती येळानं उठती?"
बार मळून होईस्तोवर.
तो हसला. "उद्या पोती भरा. मी येतो."

पंपाच्या अलीकडं त्यानं एक पारदर्शक नळी जोडली,
बॉनेटच्या फटीतून वर काढली
आणि काचेसमोर वायपरला बांधली.
केर्ली गेली. नळी भरलेली, एरंडेलासारखी पिवळी.
दोघंही रस्ता सोडून तिच्याकडंच बघत होतो.
वाघबिळ. दुसरा टाकला.
पिवळं बारीक झालं,
म्हातारीच्या मनगटावरच्या शिरेएवढं,
आणि तुटलं.
"हां! हितं हाय बया!"
शौकत असा ओरडला की
रानात चुकलेली शेळी दिसली असावी.

टाकीचं झाकण काढून मला म्हणाला, कान लावा.
स्वतः नळी तोंडात धरून उलटी फुंकली.
आत, खोल,
गुळुक.
काहीतरी सुटलं.
"चढाला डिझेल मागं सरकतंय. कमी असलं की
तळातली घाण ओढीनं तोंडाला चिकटती.
बंद केलं की गळून पडती.
इंजिन चांगलं हाय ओ. पोटात हाय तिच्या."

टाकी उतरवली. परातीत ओतली.
गाळ, गंजाचे पापुद्रे, आणि शेवटी
चांदीचा एक कागद, पापडीएवढा.
डब्याच्या तोंडाचं सील.
बोटांवर घेऊन त्यानं उन्हात धरला.
"ह्ये कुणी टाकलं?"
पंपावरच्या पोरानं असंल, म्हटलं.

पुराच्या त्या रात्री पंप कोरडे होते.
चिखलीची म्हसरं सोनतळीला न्यायची,
चौथी खेप, दिवा नाही, नरसाळं नाही,
कुणीतरी हातात दिलेला नवा डबा.
सील बोटानं आत ढकललं होतं.
बोट कापलं होतं, ते आठवतं.
बाकी त्या रात्रीतलं
फारसं नाही.

शौकतनं बाराशे सांगितले, म्हणाला हजार द्या.
मी बाराशेच दिले.
त्याला वाटलं, माणूस दिलदार आहे.

आता गाडी चढते.
पण तिसऱ्यावरून दुसरा टाकला की
माझा पाय आपोआप वर येतो,
तिच्या आधी मीच ढिला पडतो.
मागं एस.टी. हॉर्न देते.
शेजारून शेवंता विचारते, आता काय झालं?
काय नाही, म्हणतो.
खाऊ दे की तिला जरा दम.